उरलेल्या सामन्यांचें गणित

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं वडीलधाऱ्या मंडळींस थोडें आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. ज्यानें उभी हयात मुलांस त्रैराशिक आणि व्यवहारी अपूर्णांक शिकविण्यांत घालविली, त्यानें क्रिकेटविषयीं, आणि तेंही हरत चाललेल्या संघाविषयीं, बोलावें हें कांहींसें विचित्र दिसतें खरें. परंतु हरणाऱ्या संघाच्या पाठीराख्यांमध्यें हंगामाच्या अखेरीस जो वाद रंगतो, त्याच्या मुळाशीं गणितच असतें. आणि त्या गणिताच्याही मुळाशीं दुसरें कांहीं तरी असतें. तें दुसरें कांहीं तरी काय, याचाच विचार आज आपणांपुढें मांडण्याचा माझा हेतु आहे.

आमच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत वैशाख म्हणजे काय, हें बाहेरच्या माणसास सांगून समजत नाहीं. पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जाऊन बसतो. भर दुपारीं जटपुरा दरवाजाचा रस्तासुद्धां ओस पडतो. रानांत तेंदूपानाचा हंगाम चालू असतो. खेड्यांतलीं माणसें पहांटेच्या अंधारांत जंगलांत शिरतात, ऊन चढण्यापूर्वीं पानें घेऊन परततात आणि मग घराच्या सावलींत बसून पुडे बांधतात. अशा दिवसांत सूर्य मावळल्यानंतरच माणूस माणसाशीं मोकळेपणानें बोलूं लागतो. आणि २००८ सालापासून या सायंकाळच्या बोलण्याचा एक विषय जणूं ठरूनच गेला आहे. तो म्हणजे इंडियन प्रीमियर लीगचा गुणतक्ता.

या स्पर्धेंत विदर्भाचा असा संघ नाहीं. म्हणून आमच्याकडील बहुतेकांचा जीव मुंबईच्या संघांत गुंतलेला. नकाशा पाहिला तर याचें नवल वाटेल. मुंबईच्या मानानें हैदराबाद आम्हांस जवळजवळ निम्म्या अंतरावर. सिरोंच्यास प्राणहिता आणि गोदावरी एकत्र मिळतात. नदी ओलांडली कीं तेलंगण लागतें. त्या भागांत कित्येक घरांत तेलुगू बोलतात, आणि त्या घरांचा ओढा हैदराबादच्या संघाकडे असला तर त्यांत वावगें काय? उमेश यादव हा तर आमच्याच विदर्भाचा, नागपूरजवळच्या वलनी येथील कोळसाखाणींत काम करणाऱ्याचा मुलगा. पण २०१४ सालीं तो कोलकात्याकडून खेळत होता. उलट मुंबईचा त्या वेळचा कर्णधार रोहित शर्मा याचा जन्म नागपूरचा, एवढाच काय तो धागा. तथापि माया हिशेब विचारून जडत नाहीं. ती एकदां जडली म्हणजे माणूस कारणें मागाहून शोधीत बसतो.

हा संघ हरूं लागला कीं पाठीराख्यांत तीन पक्ष पडतात. पहिला पक्ष निराशेचा. पांच सामने हरले कीं हा पक्ष संघाचें तेरावें घालून मोकळा होतो. "यंदाचें संपलें, आतां पुढच्या वर्षीं बघूं," हें त्याचें ठरलेलें वाक्य. या पक्षांत बहुधा अतिशय प्रेमळ माणसें असतात. पुढें दुःख होऊं नये म्हणून तीं आधींच तें उरकून घेतात. दुसरा पक्ष श्रद्धेचा. त्यास कागद लागत नाहीं, पेन्सिल लागत नाहीं. "शेवटचा चेंडू पडेपर्यंत मला कांहीं सांगूं नका," असें म्हणून तो चहाचा दुसरा पेला मागवितो. तिसरा पक्ष हिशेबी. अमका तमक्याकडून हरला, तिसऱ्याचा सामना पावसानें बुडाला आणि आपण उरलेले चारही जिंकलों, तर चौथी जागा आपली, असें तो वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मांडून दाखवितो. माझा ओढा स्वभावतःच या तिसऱ्या पक्षाकडे. परंतु तिन्ही पक्षांच्या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे, आणि तिघांच्याही नजरेंतून एक मोठी गोष्ट निसटते, असें मला दिसून आलें आहे.

वाद समजावयाचा तर प्रथम नियम समजले पाहिजेत. या स्पर्धेंत साखळींत प्रत्येक संघास १४ सामने खेळावयाचे असतात. विजयास दोन गुण, पराजयास शून्य. निकाल न लागल्यास उभयतांस एकेक. वरच्या चार संघांस पुढच्या फेरींत प्रवेश मिळतो. दोन संघांचे गुण आणि विजय सारखे झाले, तर त्यांची निव्वळ धांवगति पाहतात. ही काढण्याची रीत सोपी आहे. सबंध हंगामांत आपण केलेल्या एकंदर धांवांस आपण खेळलेल्या एकंदर षटकांनीं भागावें. प्रतिपक्षांनीं आपल्याविरुद्ध केलेल्या एकंदर धांवांस त्यांनीं खेळलेल्या षटकांनीं भागावें. पहिल्या भागाकारांतून दुसरा वजा करावा. उरेल ती निव्वळ धांवगति. संघ सर्वबाद झाला तर त्यानें पूर्ण वीस षटकें खेळलीं असेंच धरतात.

एक उदाहरण घेऊं. समजा, समोरच्या संघानें २० षटकांत १३९ धांवा केल्या. त्याची गति ६.९५ झाली. आपण १४० धांवा १४ षटकांतच पुऱ्या केल्या. आपली गति १० झाली. म्हणजे या एका सामन्यापुरती ३.०५ ची जमा. त्याच १४० धांवांस आपण २० षटकें घेतलीं असतीं, तर विजय तोच, गुणही तेच दोन, पण जमा अवघी ०.०५. येथें दोन ठिकाणीं भलेभले फसतात. प्रत्येक सामन्याची गति निराळी काढून त्यांची सरासरी घ्यावयाची नसते. एकूण धांवा आणि एकूण षटकें यांचाच हिशेब करावयाचा असतो. दुसरी फसगत दशांशचिन्हाची. १४.३ षटकें असें लिहिलें म्हणजे तें चौदा पूर्णांक तीन दशांश नव्हे. तीं चौदा षटकें आणि तीन चेंडू होत, म्हणजेच साडेचौदा षटकें. हा फरक ज्यानें ध्यानांत ठेवला, त्यास पुढची कथा नीट कळेल.

ती कथा २०१४ सालची आहे. आदल्याच वर्षीं, २६ मे २०१३ रोजीं, मुंबईनें कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर चेन्नईस हरवून आपलें पहिलें विजेतेपद मिळविलें होतें. २०१४ सालीं लोकसभेच्या निवडणुकीमुळें स्पर्धेचा आरंभ संयुक्त अरब अमिरातींत झाला. तेथें मुंबईचे पांच सामने झाले आणि पांचही ती हरली. निराशेच्या पक्षास याहून अधिक पुरावा कशास हवा होता? स्पर्धा भारतांत परतल्यावर ३ मे रोजीं वानखेडे मैदानावर पंजाबाविरुद्ध पहिला विजय मिळाला. पुढें कधीं जय, कधीं पराजय, असें होत होत दहा सामन्यांच्या अखेरीस हिशेब पडला तो असा: तीन विजय, सात पराभव, गुण सहा. उरले सामने चार.

श्रोते हो, या टप्प्यावरचा वाद हाच खरा वाद. चार उरले, चारही जिंकले तरी गुण होतात चौदा. चौदा गुणांवर चौथी जागा मिळते कीं नाहीं, हें आपल्या हातीं नाहीं. तें दुसऱ्यांच्या सामन्यांवर अवलंबून. म्हणजे निराशेचा पक्ष म्हणतो त्याप्रमाणें शक्यता अगदीं थोडी होती, हें सत्य. श्रद्धेचा पक्ष म्हणतो त्याप्रमाणें दार अद्याप बंद झालेलें नव्हतें, हेंही सत्य. आणि हिशेबी पक्ष म्हणतो त्याप्रमाणें तें दार नेमकें कितपत उघडें आहे हें मोजतां येत होतें, हें तर उघडच सत्य. मुंबईनें १९ मे रोजीं अहमदाबादेस राजस्थानला, २१ मे रोजीं मोहालीस पंजाबला आणि २३ मे रोजीं वानखेडेवर दिल्लीला हरविलें. तीन झाले, एक उरला. आणि तो पडला नेमका राजस्थानशींच.

२५ मे २०१४. वानखेडे मैदान. राजस्थानचे गुण चौदा, मुंबईचे बारा. राजस्थान जिंकलें तर प्रश्नच मिटला. थोडक्यानें हरलें तरीही चौथी जागा त्याचीच. मुंबईस केवळ विजय पुरत नव्हता, फार मोठा विजय पाहिजे होता. राजस्थाननें प्रथम फलंदाजी करून १८९ धांवा केल्या. संजू सॅमसनच्या ७४ आणि करुण नायरच्या ५०. आतां हिशेब असा झाला कीं, मुंबईनें १९० धांवा साडेचौदा षटकांत, म्हणजे ८७ चेंडूंत, करावयाच्या. वीस षटकांत १९० हेंच लहान काम नव्हे. येथें त्यांतील साडेपांच षटकें आधींच कापून घेतलेलीं.

न्यूझीलंडचा कोरी अँडरसन त्या रात्रीं ४४ चेंडूंत ९५ धांवा करून अखेरपर्यंत नाबाद राहिला. अंबाती रायुडूनें १० चेंडूंत ३० काढल्या. ८७ वा चेंडू पडला तेव्हां दोन धांवा पाहिजे होत्या. रायुडू एक धांव पुरी करून दुसरीसाठीं धांवला आणि धांवबाद झाला. धांवा झाल्या १८९. दोन्ही संघ समसमान! ८७ चेंडूंत १९० कांहीं झाल्या नाहींत. राजस्थानच्या खेळाडूंस वाटलें, आपण सुटलों. पुष्कळ पाठीराखेही तेथेंच उठले असतील.

परंतु हिशेब अद्याप संपलेला नव्हता. समसमान धांवसंख्येवर एक चेंडू अधिक गेला, आणि त्या चेंडूवर चौकार बसला, तर धांवगतीचें पारडें पुन्हां मुंबईकडे झुकत होतें. एक धांव काढली असती तर सामना जिंकतां आला असता, दोन गुणही मिळाले असते, पण चौथी जागा राजस्थानकडेच राहिली असती. जिंकूनही हरणें म्हणतात तें हेंच. मैदानावर कांहीं क्षण कोणासच कांहीं उमजेना. मग सीमेबाहेरून निरोप आला. नवा फलंदाज होता आदित्य तरे, आणि तो त्या डावांतील आपला पहिलाच चेंडू खेळणार होता. जेम्स फॉकनरचा चेंडू टप्पा न पडतां पायांवर आला. तरेनें तो मनगट फिरवून पायांकडच्या बाजूस सीमेपलीकडे भिरकावला. षट्कार! मुंबईच्या धांवा १९५, षटकें १४.४. अखेरच्या तक्त्यांत दोघांचेही गुण चौदा. मुंबईची निव्वळ धांवगति ०.०९५ आणि राजस्थानची ०.०६०. फरक पस्तीस सहस्रांशांचा. सोप्या भाषेंत सांगावयाचें तर शंभर षटकांमागें साडेतीन धांवांचा.

त्या क्षणीं राजस्थानचे मार्गदर्शक राहुल द्रविड यांनीं आपली टोपी जमिनीवर आपटली. वर्षानुवर्षें ज्यांच्या शांतपणाचे आम्ही शिक्षक मुलांस दाखले देत आलों, त्या माणसाचा तोल क्षणभर गेला. मला त्यांत दोषास्पद कांहीं दिसत नाहीं. हंगामाचा पुष्कळसा भाग वरच्या जागीं राहून शेवटच्या दोन चेंडूंत जागा गमावणें ही गोष्टच तशी. आपण मुंबईच्या बाजूनें टाळ्या पिटल्या. त्याच वेळीं जयपुरांत कित्येक घरें मुकाट्यानें झोंपीं गेलीं असतील, हें विसरतां कामा नये.

आतां कोणी विचारील, कीं एवढ्या खटाटोपाचें फळ काय? तर तीनच दिवसांनीं, २८ मे रोजीं, मुंबईंतच ब्रेबोर्न मैदानावर चेन्नईनें मुंबईस सात गड्यांनीं हरविलें आणि तिचा हंगाम संपला. त्या वर्षींचें विजेतेपद उमेश यादवच्या कोलकात्यास मिळालें. निराशेचा पक्ष म्हणाला, "पाहा, आम्ही सांगत होतों!" हा पक्ष नेहमींच शेवटीं खरा ठरतो, कारण एकच संघ विजेता होतो आणि बाकी सारे कोठें ना कोठें हरतात. परंतु पुढच्याच वर्षीं, २०१५ सालीं, मुंबई पहिल्या सहा सामन्यांपैकीं पांच हरली आणि तरीही २४ मे रोजीं ईडन गार्डन्सवर चेन्नईस ४१ धांवांनीं हरवून विजेती झाली. तेव्हां श्रद्धेच्या पक्षानें पेढे वांटले.

येवढ्यावरच थांबलों तर "धीर सोडूं नये" या सुभाषितावर भाषण संपवितां येईल. परंतु तें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्या वर्षीं आशा फळली तेंच वर्ष लोकांच्या लक्षांत राहतें. न फळलेल्या वर्षांची गोष्ट कोणी सांगत नाहीं. म्हणून तीही सांगतों.

२०२१ सालीं मुंबईचा साखळींतील शेवटचा सामना ८ ऑक्टोबर रोजीं अबू धाबीस हैदराबादशीं होता. चौथ्या जागेसाठीं तिला सुमारें १७० धांवांच्या फरकानें विजय हवा होता. असा विजय मिळविण्यास प्रथम फलंदाजी मिळणें अवश्य. नाणेफेक जिंकून हैदराबादनें प्रथम फलंदाजी घेतली असती तर एकही चेंडू न पडतां आशा संपली असती. रोहितनें नाणेफेक जिंकली. मुंबईनें २३५ धांवा केल्या. इशान किशननें ३२ चेंडूंत ८४ आणि सूर्यकुमार यादवनें ४० चेंडूंत ८२. आतां हैदराबादला ६५ च्या आसपास रोखणें प्राप्त होतें. हैदराबादनें १९३ केल्या. मुंबई ४२ धांवांनीं जिंकली, कोलकात्याइतकेच चौदा गुण झाले, आणि धांवगतीवर ती बाहेर पडली. २०१४ सालीं जें धांवगतीनें दिलें, तें २०२१ सालीं धांवगतीनेंच परत घेतलें.

याहून बोधप्रद वर्ष २०१८ चें. त्या वर्षीं मुंबईची धांवगति उत्तम होती; फक्त दोन गुणांची वाण होती. २० मे रोजीं दिल्लींत दिल्लीशीं शेवटचा सामना. दिल्लीचा संघ तक्त्यांत तळाशीं, त्याची आशा केव्हांच मावळलेली. हिशेबी पक्षानें कागदावर तो सामना जमेस धरून ठेवला. दिल्लीनें १७४ धांवा केल्या आणि मुंबईस १६३ त सर्वबाद केलें. अकरा धांवांनीं मुंबई हरली. ज्यास स्वतःला कांहीं मिळावयाचें नव्हतें, अशा संघानें तिचा हंगाम संपविला.

आणि चार वर्षांनीं काळाचें चक्र फिरलें तें पाहा. २०२२ सालीं मुंबई पहिले आठही सामने हरली. अखेरीस दहा संघांत ती दहावी. त्या वर्षीं आमच्याकडे वादच उरला नव्हता. श्रद्धेचा पक्षही मुकाट्यानें चहा पीत असे. २१ मे रोजीं वानखेडेवर मुंबईचा शेवटचा सामना होता, आणि तो होता दिल्लीशीं. दिल्ली जिंकली असती तर चौथी जागा तिला मिळाली असती; ती हरली तर बंगळूरला. मुंबईस मात्र जय मिळो वा पराजय, जागा दहावीच. दिल्लीनें १५९ धांवा केल्या. जसप्रीत बुमराहनें २५ धांवांत तीन गडी बाद केले होते. टिम डेव्हिडनें ११ चेंडूंत ३४ धांवा कुटल्या आणि मुंबई शेवटच्या षटकांत पांच गड्यांनीं जिंकली. बंगळूरचा संघ हॉटेलांत बसून हा सामना पाहत होता. मुंबईच्या प्रत्येक धांवेवर त्या दिवशीं बंगळूरचा पाठीराखा टाळी वाजवीत होता.

श्रोते हो, तिन्ही पक्षांच्या नजरेंतून जी गोष्ट निसटते असें मी मघाशीं म्हटलें, ती ही. तिघेही एकच प्रश्न विचारतात: "आपल्या संघास कांहीं आशा आहे काय?" जणूं आशा संपली कीं उरलेले सामने म्हणजे मोडीच्या भावानें विकावयाचा माल! परंतु तक्ता हा एका संघाचा नसतो. तळाच्या संघाचा प्रत्येक सामना दुसऱ्या कोणाच्या तरी हिशेबांतील एक आंकडा असतो. हरलेल्या संघानें मन काढून घेतलें, खोटें खेळला, आळसानें खेळला, तर अन्याय होतो तो ज्याचें नांवही आपण घेतलेलें नाहीं अशा तिसऱ्याच संघावर. २०१८ सालीं दिल्लीनें आणि २०२२ सालीं मुंबईनें हा तिसऱ्याचा हक्क सांभाळला. त्यामुळें एकदां आमचें नुकसान झालें, एकदां बंगळूरचा लाभ झाला. पण तक्ता दोन्ही वेळां खरा राहिला.

आमच्या धानाच्या मुलखांत ही गोष्ट शेतकऱ्यास नव्यानें सांगावी लागत नाहीं. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी या भागांत धान बांध्यांत उभा असतो. तलावाचें पाणी वरच्या बांधींतून खालच्या बांधींत, तेथून आणखी खालच्या बांधींत उतरत जातें. आश्विनांत पावसानें ओढ दिली म्हणजे गांवोगांव हाच वाद चालतो: जुन्या मालगुजारी तलावांत पाणी किती उरलें, किती बांध्यांस पुरेल, परतीचा पाऊस येईल कीं नाहीं. तेथेंही निराशेचा पक्ष असतो, श्रद्धेचा असतो, हिशेबी असतो. पण समजा, वरच्या बांधीचें पीक करपून गेलें. म्हणून काय तिच्या धन्यानें धुरे फुटूं द्यावे, पाट बुजूं द्यावे? त्याच्या बांधींतून जाणारें पाणी खालच्या माणसाचें आहे. स्वतःच्या पिकाची आशा संपल्यावरही जो आपले धुरे नीट राखतो, त्यास आम्ही भला शेतकरी म्हणतों.

वर्गांतही निराळें काय असतें? सहामाहींत मागें पडलेल्या मुलाविषयीं माघाच्या महिन्यांतच घरीं आणि शाळेंत निकाल लागून गेलेला असतो. "याचें यंदा कांहीं खरें नाहीं," असें त्याच्या देखत म्हणतात. कित्येकदां तें गणित बरोबरही ठरतें. परंतु त्यास सांगावयाचें तें एवढेंच नसतें. उरलेल्या आठ आठवड्यांत किती गुण मिळणें शक्य आहे हें त्यास कागदावर मांडून दाखवावें; खोटी आशा देऊं नये, आणि खरी असेल ती चोरूंही नये. आणि गुणांचा हिशेब कांहीं निघो, उरलेले धडे नीट करणें हें त्याचें काम आहे, हेंही सांगावें. शेजारच्या बाकावरचा मुलगा त्याच्याकडे पाहून शिकत असतो.

या निर्मळ वादास विष लागतें तें पैशाचें. पाठीराख्याच्या आशेवर डाव लागला कीं ती आशा राहत नाहीं, तें देणें होतें. आणि सामन्याच्या निकालापेक्षां घरांतल्या दागिन्याची चिंता मोठी होते. मोबाइलच्या पडद्यावर हा व्यवहार फार सोपा होऊन बसला होता. २०२५ सालीं संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा केला, तो या दृष्टीनें योग्यच झाला असें माझें मत आहे. तथापि कायद्याचा हात घराच्या ओसरीपर्यंत पोंचत नाहीं. तेथें वडील माणसांचें लक्षच कामास येतें. मुलगा गुणतक्ता मांडीत बसला असेल तर त्याच्या शेजारीं बसावें, त्याचा हिशेब तपासावा, १४.३ म्हणजे साडेचौदा हें त्यास समजलें आहे कीं नाहीं तें पाहावें. एका सायंकाळीं एवढी सोबत पुष्कळ झाली.

तेव्हां पुढच्या कोणत्याही हंगामांत आपला संघ हरूं लागला, तर वाद अवश्य घालावा. निराश माणसाचें ऐकावें, कारण शक्यता थोडी असते तेव्हां ती थोडीच आहे हें तो सांगतो. श्रद्धावंताचें ऐकावें, कारण ८७ वा चेंडू वाया गेल्यावरही ८८ वा उरलेला असूं शकतो. हिशेबी माणसाचें तर ऐकावेंच, कारण त्या ८८ व्या चेंडूवर एक धांव पाहिजे कीं चार, हें त्याच्यावांचून कोणास कळणार नाहीं. आणि हे तिघेही बोलून दमले, आशेचा शेवटचा आंकडा पुसला गेला, म्हणजे चौथा प्रश्न आपण विचारावा: उरलेले सामने आपला संघ कसा खेळतो आहे? त्या प्रश्नाचें उत्तर चांगलें आलें, तर दहाव्या जागेच्या संघाचा पाठीराखा म्हणवून घेण्यांत कसलीही लाज नाहीं.